डॉइचे वेलेचा ‘निकोस वेग’ : छंद जर्मनमध्ये सांगायला तो कुठवर पुरतो

जर्मन शिकणाऱ्याला पहिल्या महिना-दोन महिन्यांत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘वास माख्स्ट डू गेर्न?’, म्हणजे तुला काय करायला आवडतं? नाव, गाव, काम यांची उत्तरं तीन-चार पाठ वाक्यांत उरकतात. छंद तसा उरकत नाही. प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि पुस्तकातल्या माणसाचं वाक्य आपल्या छंदाला बसत नाही. त्यामुळे एखादा अभ्यासक्रम बोलायला शिकवतो की नुसती ओळखीची वाक्यं घोकून घेतो, हे जोखायला छंदांचा धडा ही उत्तम जागा आहे. डॉइचे वेलेचा ‘निकोस वेग’ हा मोफत व्हिडिओ अभ्यासक्रम इथे त्याच कसोटीवर घासून पाहिला आहे.

निष्कर्ष आधीच सांगायचा तर कान तयार करण्यात हा अभ्यासक्रम फार चांगला आहे आणि मोफत गोष्टींमध्ये त्याच्या तोडीचं फारसं काही नाही. तोंड उघडण्याचं काम मात्र शिकणाऱ्यालाच करावं लागतं. मराठी माणसासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्यातल्या सूचना आणि व्याकरण आपल्याला बहुधा इंग्रजीतून वाचावं लागतं, आणि छंदांच्या बाबतीत इंग्रजीचा रस्ता हा वळसा आहे. मराठीतून जर्मनला जाणारी वाट जवळची आहे. ती कशी, ते पुढे येईलच.

डॉइचे वेले ही जर्मनीची आंतरराष्ट्रीय प्रसारण संस्था. तिचं प्रसारण १९५३ मध्ये सुरू झालं आणि बॉन आणि बर्लिन इथून तिचं काम चालतं. ‘निकोस वेग’ ही तिच्या जर्मन शिकवण्याच्या विभागाची मालिका. निको नावाचा स्पॅनिश तरुण जर्मनीत येतो, विमानतळावरच त्याची बॅग हरवते आणि तिथून गोष्ट पुढे सरकते. ए१ (अगदी सुरुवातीची पातळी), ए२ आणि बी१ असे चढत्या पातळीचे तीन टप्पे आहेत. ए१ मध्येच सत्तरहून जास्त छोटे धडे आहेत आणि प्रत्येक धड्याच्या मुळाशी एक-दोन मिनिटांचा प्रसंग आहे. व्हिडिओखाली सराव, शब्दसंग्रह, व्याकरण, जर्मन जीवनाविषयीची माहिती आणि संवादाची लिखित प्रत मिळते. पैसे कुठेच मागत नाहीत. सूचनांसाठी अनेक भाषा निवडता येतात, पण त्यात मराठी नाही.

छंदांचा विषय ए१ मध्ये येतो तेव्हा हाती लागणारी मुख्य किल्ली म्हणजे ‘गेर्न’. हा छोटासा शब्द नीट बसला की निम्मा विषय बसला, आणि बहुतेकांचं गाडं अडतं तेही इथेच. इंग्रजीतून शिकताना डोक्यात ‘लाइक’ हे क्रियापद असतं, म्हणून माणूस जर्मनमध्येही ‘आवडणे’ या अर्थाचं क्रियापद शोधतो. त्याला ‘माग’ सापडतं, म्हणजे ‘म्यॉगन’चं ‘इश माग’ हे रूप. मग तो बेधडक ‘इश माग श्पीलन फुसबाल’ असं जोडून टाकतो. हे वाक्य चूक आहे. ‘इश माग फुसबाल’ चालतं, पण त्यातून खेळायला आवडतं की बघायला, हे कळत नाही. खेळायला आवडतं हे सांगायचं तर ‘इश श्पीले गेर्न फुसबाल’ म्हणावं लागतं.

‘गेर्न’ हे क्रियापद नाहीच. त्याचा तंतोतंत मराठी प्रतिशब्द आपल्याकडे तयार आहे : ‘आवडीने’. ‘मी आवडीने वाचतो’, ‘इश लेझे गेर्न’. ‘ती आवडीने पोहते’, ‘झी श्विम्ट गेर्न’. क्रिया कोणती तेच क्रियापद, आणि त्याला ‘आवडीने’ चिकटवायचं. एवढं कळलं की प्रत्येक क्रियापद आपोआप छंदाचं वाक्य होतं : कोखे गेर्न, टांत्से गेर्न, वांडरे गेर्न, फोटोग्राफीरे गेर्न. नकारासाठी आधी ‘निश्ट’ : ‘इश कोखे निश्ट गेर्न’, मी काही आवडीने स्वयंपाक करत नाही. जोर द्यायचा तर ‘झेअर गेर्न’, अगदीच नको असेल तर ‘गार निश्ट गेर्न’. तुलनेची रूपं मात्र पाठच करावी लागतात, कारण ती मूळ शब्दापासून तुटलेली आहेत : गेर्न, लीबर, आम लीब्स्टन. ‘इश श्पीले लीबर शाख आल्स कार्टन’, पत्त्यांपेक्षा बुद्धिबळ बरं. ‘आम लीब्स्टन लेझे इश’, सगळ्यांत जास्त वाचायला आवडतं.

या शेवटच्या वाक्यात ‘लेझे’ आधी आलं आणि ‘इश’ नंतर, याकडे लक्ष द्यायला हवं. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर हवं हा जर्मनचा नियम छंद सांगताना सतत मोडला जातो. बहुतेक जण वाक्याची सुरुवात ‘इन माइनर फ्राइत्साइट’ने, म्हणजे ‘माझ्या मोकळ्या वेळात’ने करतात आणि पुढे सरळ ‘इश श्पीले’ म्हणतात. बरोबर वाक्य आहे ‘इन माइनर फ्राइत्साइट श्पीले इश गेर्न शाख’. ‘इन माइनर फ्राइत्साइट’ हे तीन शब्द मिळून एकच जागा अडवतात, त्यामुळे दुसरी जागा क्रियापदाची आणि कर्ता तिसरीवर ढकलला जातो. ‘निकोस वेग’मधल्या संवादांत ही उलटापालट कानावर पडत राहते आणि हा त्याचा मोठा गुण आहे. नियम वाचून जे बसत नाही ते पंधरा-वीस वेळा ऐकून बसतं. सरावात मात्र बहुतेक वेळा पर्याय निवडायचा, रिकामी जागा भरायची किंवा दिलेले शब्द लावायचे असतात. शब्द समोर तयार असले की क्रम लावणं सोपं जातं. कोरं पान समोर आलं की जुनी सवय परत येते. म्हणून सराव शंभर टक्के बरोबर आला तरी तेवढ्यावर विसंबू नये.

इथून पुढे मराठीची खरी मदत सुरू होते, आणि अभ्यासक्रमाच्या इंग्रजी टिपांमधून ती दिसत नाही. ‘श्पास माखन’ ही छंदांसाठी ‘गेर्न’इतकीच वापरातली रचना. ‘श्विमन माख्ट मिअर श्पास’, पोहण्यात मला मजा येते. यातला ‘मिअर’ म्हणजे आपला ‘मला’. इंग्रजी टिपा हा शब्द चतुर्थी विभक्तीच्या कोष्टकात घालून समजावतात आणि शिकणारा घाबरून जातो. मराठी माणसाने कोष्टक बाजूला ठेवून ‘मला’, ‘तुला’, ‘त्याला’, ‘तिला’ हे मिअर, डिअर, ईम, ईअर म्हणून घोकलं की काम होतं. ‘गेफालन’ तर हुबेहूब मराठी चालीचं आहे. ‘मिअर गेफेल्ट डेअर फिल्म’, मला तो चित्रपट आवडतो. ‘मिअर गेफालन डी फिल्मऽ’, मला ते चित्रपट आवडतात. क्रियापद चित्रपटाच्या वचनाप्रमाणे बदललं, ‘मला’प्रमाणे नाही. हे इंग्रजी बोलणाऱ्याला उलटं वाटतं, आपल्याला ते जन्मापासून येतं. एवढंच ध्यानात ठेवावं की ‘गेफालन’ पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टी, जागा, चित्रं, गाणी यांना शोभतं. क्रियेसाठी ‘गेर्न’ किंवा ‘श्पास’ बरं, आणि खाण्याच्या चवीसाठी जर्मनमध्ये वेगळंच क्रियापद आहे, ‘श्मेकन’.

कालावधी सांगतानाही हाच फायदा. ‘इश श्पीले झाइट द्राइ यारन गिटारे’, मी तीन वर्षांपासून गिटार वाजवतो. दोन्हीकडे वर्तमानकाळच. इंग्रजीतून विचार करणारा इथे भूतकाळ घालतो आणि ‘इश हाबे गेश्पील्ट’ म्हणून बसतो, म्हणजे वाजवणं संपल्यासारखं होतं. ‘झाइट’नंतर नाम बदलतं ही एकच काळजी घ्यायची : वर्षाचं अनेकवचन ‘यारे’ असतं, ‘झाइट’पुढे ते ‘यारन’ होतं. एकच वर्ष असेल तर ‘झाइट आइनेम यार’, एक आठवडा असेल तर ‘झाइट आइनर वोखे’.

आणि कारण सांगायचं असेल तर ‘वाइल’ लावून क्रियापद वाक्याच्या शेवटी न्यायचं. हा ‘वाइल’ साधारण ए२ मध्ये येतो. इतर भाषा बोलणारे इथे महिनोन्‌महिने चाचपडतात, आपल्याला तर क्रियापद शेवटी ठेवायचीच सवय. ‘वाइल एस मिअर श्पास माख्ट’ हे वाक्य शब्दाखाली शब्द ठेवून पाहावं : वाइल, कारण, एस, त्यात, मिअर, मला, श्पास, मजा, माख्ट, येते. ‘कारण त्यात मला मजा येते.’ एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. हे एक वाक्य पहिल्याच आठवड्यात उचलून ठेवावं, ए२ची वाट बघू नये. कुठल्याही छंदाच्या शेपटीला ते लागतं.

वेळ आणि जागा यांचा क्रमही आपल्यासारखाच. ‘इश गेहे आम झाम्स्टाग गेर्न इन्स कीनो’ : आधी शनिवार, मग सिनेमा. इंग्रजीत हे उलटं असतं, म्हणून इंग्रजी वाक्य डोक्यात तयार करून भाषांतर करणाऱ्याचा दिवस शेवटी जाऊन पडतो.

मराठीने दगा देण्याच्या जागाही आहेत. आपण ‘मी’ सहज गाळतो, ‘वाचतो आवडीने’ म्हणून चालवून घेतो. जर्मनमध्ये ‘इश’ गाळता येत नाही. दुसरं, वाजवणे आणि खेळणे ही आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत, जर्मनमध्ये दोन्हीला ‘श्पीलन’. फुटबॉलही ‘श्पीलन’, पियानोही ‘श्पीलन’, पत्तेही ‘श्पीलन’. वाजवण्यासाठी वेगळा शब्द शोधत बसू नये. वाद्याच्या आणि खेळाच्या नावाआधी ‘डेअर, डी, डास’ ही आर्टिकलं (इंग्रजी ‘द’सारखे शब्द) काहीच लागत नाहीत : ‘इश श्पीले क्लाविअर’. इंग्रजी वाद्यासाठी आर्टिकल लावते म्हणून इंग्रजी माध्यमातले विद्यार्थी ‘डास क्लाविअर’ म्हणतात. मराठीत आर्टिकलच नाही, तेव्हा मराठी कानाने गेलं तर ही चूक होतच नाही.

सगळ्याच छंदांना ‘श्पीलन’ जोडायची सवयही लवकर मोडावी. योगाला ‘माखन’, धावण्याला ‘जॉगन’ किंवा ‘लाउफन’, सायकलला ‘राट फारन’, घोड्याला ‘राइटन’, बर्फावरच्या स्कीला ‘शी फारन’ (हो, लिहिताना एस-के-आय असलं तरी उच्चार ‘शी’). व्यायाम किंवा खेळ असं मोघम सांगायचं तर ‘श्पोर्ट माखन’ किंवा ‘श्पोर्ट ट्राइबन’. पोहायला जाणं, नाचायला जाणं यांना ‘श्विमन गेहन’, ‘टांत्सन गेहन’. मित्रांना भेटणं हा छंद म्हणून सर्रास सांगतात : ‘इश ट्रेफे मिश गेर्न मिट फ्रॉइंडन’.

‘फेर्नझेहन’, म्हणजे टीव्ही पाहणं, हे क्रियापद दोन तुकड्यांत तुटतं आणि ‘गेर्न’ मधे येतं : ‘इश झेहे गेर्न फेर्न’. ‘फेर्न’ शेवटी गेला नाही तर वाक्य लंगडं वाटतं.

इथपर्यंत सगळं ‘मी’विषयी झालं. घरच्यांचे छंद सांगायची वेळ आली की क्रियापदाचा स्वर बदलतो, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लेझन, पण ‘एअर लीस्ट’ (तो वाचतो). फारन, पण ‘झी फेर्ट’. लाउफन, पण ‘एअर लॉइफ्ट’. ट्रेफन, पण ‘झी ट्रिफ्ट’. झेहन, पण ‘एअर झीट फेर्न’. कारण साधं आहे : पाठ करताना ‘इश’चं रूप इतकं रुळतं की ‘एअर’लाही तेच लावलं जातं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक छंदाचं क्रियापद एकटं न शिकता जोडीने शिकणं, ‘इश लेझे, एअर लीस्ट’ असं एका दमात. ‘झामेल्न’ (गोळा करणं) आणि ‘बास्टेल्न’ (हाताने वस्तू बनवणं) यांची उलट गत : त्यांचा ‘इश’ बरोबरचा स्वर गळतो, ‘इश झाम्ले’, ‘इश बास्ट्ले’. तिकिटं जमवणाऱ्याने ‘इश झाम्ले ब्रीफमार्कन’ हे वाक्य तसंच्या तसं लक्षात ठेवावं.

‘रस आहे’ हे सांगायला ‘झिश इंटरेसीरन फ्यूर’. ‘इश इंटरेसीरे मिश फ्यूर गेशिश्टे’, मला इतिहासात रस आहे. यातला ‘मिश’ विसरतात, आणि ‘फ्यूर’ऐवजी इंग्रजीच्या नादाने ‘इन’ घालतात. ‘फ्यूर’पुढे द्वितीया येते, म्हणजे पुल्लिंगी नाम असेल तरच आर्टिकल बदलतं, ‘डेअर’चं ‘डेन’. स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी जसंच्या तसं. प्रश्न विचारताना वस्तूसाठी ‘वोफ्यूर इंटरेसीर्स्ट डू डिश?’ आणि माणसासाठी ‘फ्यूर वेन?’. आणखी एक शब्द फार उपयोगी पडतो : ‘लीब्लिंग्स’. तो नामाला जोडून लिहितात आणि जोडला की नवं नाम तयार होतं : लीब्लिंग्सबूख, लीब्लिंग्सफिल्म, लीब्लिंग्सश्पोर्ट. लिंग शेवटच्या शब्दाचं. ‘बूख’ नपुंसकलिंगी, तर ‘माइन लीब्लिंग्सबूख’. ‘मुझीक’ स्त्रीलिंगी, तर ‘माइने लीब्लिंग्समुझीक’.

लिहिण्यात एक बारकावा आहे. जर्मनमध्ये नामाचं पहिलं अक्षर मोठं. ‘माइन हॉबी इस्ट श्विमन’ यात ‘श्विमन’ नाम आहे म्हणून मोठं, पण ‘इश गेहे श्विमन’मध्ये तेच क्रियापद आहे म्हणून लहान. ‘राट फारन’ क्रियापद म्हणून दोन शब्दांत, आणि ‘डास राटफारन’ नाम म्हणून एका शब्दात. ‘हॉबी’चं अनेकवचन इंग्रजीसारखं आय-ई-एस न करता नुसतं वायनंतर एस लावून होतं. ‘श्पास’च्या शेवटी एसएस नसून एस-त्सेट (ß) हे अक्षर लागतं. स्वित्झर्लंडमध्ये मात्र ते अक्षर वापरत नाहीत आणि दोन एस लिहितात.

उच्चारात ‘निकोस वेग’चा सगळ्यात जास्त उपयोग होतो. त्यातले कलाकार स्पष्ट बोलतात, पण शिक्षकासारखं तोडून तोडून नाही. एक धडा कसा घ्यावा ते सांगतो. आधी व्हिडिओ लिखित प्रत न उघडता दोनदा पाहावा. मग प्रत उघडून, आवाज चालू ठेवून, ओळीवर बोट ठेवत ऐकावं. तिसऱ्या फेरीत प्रत्येक वाक्यानंतर थांबवून मोठ्याने म्हणावं. शेवटी प्रत बंद करून व्हिडिओबरोबर, अर्धा सेकंद मागे राहून बोलत जावं. वीस मिनिटांत हे होतं. सराव त्यानंतर. उलट केलं, म्हणजे आधी सराव सोडवला, तर डोळे शब्द ओळखायला शिकतात आणि कान कोरा राहतो.

बोलताना आपल्याला जड जाणारे आवाज थोडेच आहेत. जर्मन ‘झेड’ हा ‘त्स’ होतो, म्हणजे ‘चाक’मधला च, ‘चार’मधला नव्हे. ‘फ्राइत्साइट’, ‘टांत्सन’ हे आपल्याला सहज यावं. स्वराआधीचा एस ‘जहाज’मधल्या ज जवळ जातो : ‘लेझन’, ‘मुझीक’. शब्दाच्या सुरुवातीला एसपी आणि एसटी आले की ‘श्प’ आणि ‘श्ट’. शेवटचा डी टणक होऊन ट होतो, म्हणून ‘राड’ नव्हे, ‘राट’. ‘इश’मधलं सीएच हा खरं तर श नाही. ‘ह्या’ म्हणताना जीभ जिथे जाते तिथे ठेवून आवाज न काढता नुसती हवा सोडली की तो जमतो. अ, ओ, उ यांच्यामागे आला की तोच सीएच घशात खरखरतो : ‘शाख’, ‘कोखे’, ‘बूख’. ‘बूख’चं अनेकवचन ‘ब्यूशर’ घेतलं की एका शब्दात दोन्ही फरक सापडतात, आणि त्यातला ‘यू’ म्हणजे जिभेने ‘ई’ म्हणत ओठांचा ‘ऊ’ करायचा. हे आरशात पाहून करावं, ओठ पसरले की आवाज बिघडतो.

जर्मन जीवनाविषयीच्या टिपांचा भाग थोडक्यात असला तरी वगळू नये. छंद सांगताना जर्मन माणूस ‘फेराइन’ हा शब्द वारंवार काढतो. फेराइन म्हणजे नोंदणीकृत मंडळ. खेळाचं, गाण्याचं, बुद्धिबळाचं, बागकामाचं, काहीचंही असतं. नोंदणीसाठी जर्मन कायद्याप्रमाणे निदान ७ सभासद लागतात. ‘इश बिन इम शाखफेराइन’ एवढं म्हटलं की समोरच्याला तुमचा छंद तर कळतोच, आठवड्यातला एक वार ठरलेला असेल हेही कळतं. ‘वांडर्न’चा अर्थही नीट समजून घ्यावा. नुसतं फिरणं म्हणजे ‘श्पात्सीरन गेहन’. ‘वांडर्न’ म्हणजे बूट चढवून, रस्त्याच्या खुणा बघत काही तास चालणं, आणि जर्मनीत ती फार जुनी आवड आहे. जर्मन आल्प्स गिर्यारोहण मंडळ म्युनिकमध्ये १८६९ मध्ये स्थापन झालं. ‘श्रेबरगार्टन’ म्हणजे शहरातल्या वसाहतीत भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा. कायद्यानुसार असा वाफा सहसा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा. ‘स्काट’ हा ३२ पानांचा तिघांनी खेळायचा पत्त्यांचा डाव. ‘श्पील्स्ट डू स्काट?’ हा प्रश्न आला तर गोंधळू नये.

ग्योटे इन्स्टिट्यूट या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेच्या ए१ परीक्षेला बसणाऱ्यांसाठी हा विषय थेट गुणांचा आहे. बोलण्याची परीक्षा गटात, सुमारे १५ मिनिटांची, तीन भागांची असते. पहिल्या भागात स्वतःची ओळख करून द्यायची, आणि त्यासाठी समोर ठेवलेल्या शब्दांत नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, काम आणि शेवटी ‘हॉबी’ असतं. इथे ‘माइन हॉबी इस्ट लेझन’ एवढं म्हणून थांबणं चूक नाही, पण कोरडं आहे. त्याऐवजी ‘इश लेझे गेर्न. आम लीब्स्टन लेझे इश आम आबेंट’ अशी दोन वाक्यं म्हटली की परीक्षकाला क्रियापदाची जागाही दिसते. याच भागात शब्दाचं स्पेलिंग सांगायला आणि एखादा आकडा म्हणायला लावतात, म्हणून छंदांबरोबर अक्षरांची जर्मन नावंही तोंडावर हवीत. ए२ मध्ये कार्डावरच्या शब्दावरून प्रश्न विचारायची पाळी तुमच्यावर येते. ‘हॉबी?’ या एका शब्दावरून ‘वास झिंट ईरे हॉबीस?’ हा सरळ प्रश्न तयार ठेवावा. ‘डू’ आणि ‘झी’ यांची निवड ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखीच. अनोळखी प्रौढाला ‘झी’.

अभ्यासक्रमात जे नाही, ते बाहेरून भरून काढावं लागतं. सगळ्यात मोठी उणीव ही की तुमचं स्वतःचं वाक्य कोणी तपासत नाही. यंत्राला अपेक्षित उत्तर ठरलेलं असतं. तुमचा छंद मधमाश्या पाळणं किंवा जुनी घड्याळं दुरुस्त करणं असेल तर तो शब्द धड्यात येणार नाही. त्यासाठी दूडनचा मोफत ऑनलाइन शब्दकोश उघडावा. लिंग, अनेकवचन आणि क्रियापदाची रूपं तिथे मिळतात. पण नुसतं नाम शोधून थांबू नये, ते कोणत्या क्रियापदाबरोबर येतं ते उदाहरण वाक्यांत पाहावं. तिथेच खरी माहिती असते.

दुसरी पूरक गोष्ट म्हणजे अंकी हे पुनरावृत्तीचं मोफत सॉफ्टवेअर. संगणक आणि अँड्रॉइडवर मोफत आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. त्यातली तयार कार्डं उतरवून घेण्याचा मोह टाळावा. स्वतःची बारा कार्डं पुरतात. पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागच्या बाजूला जर्मन. पुढची बाजू मुद्दाम ‘आवडीने’ने लिहावी, ‘मला आवडतं’ने नाही : ‘माझा भाऊ आवडीने सायकल चालवतो.’ मागे ‘माइन ब्रूडर फेर्ट गेर्न राट’. ‘मला सायकल चालवायला आवडते’ असं लिहिलं की हात पुन्हा ‘माग’कडे वळतो. बारा क्रियापदांसाठी श्पीलन, लेझन, ह्योरन, गेहन, फारन, कोखन, श्विमन, वांडर्न, टांत्सन, मालन, झामेल्न आणि ट्रेफन घ्यावीत. रोज पाच-सात मिनिटं पुरेत. ‘ह्योरन’ हे ऐकणं, पण संगीतासाठी थेट, मधे काही न घालता : ‘इश ह्योरे गेर्न मुझीक’. ‘त्सूह्योरन’ म्हणजे एखाद्याचं लक्ष देऊन ऐकणं, आणि त्याला ‘मिअर’, ‘डिअर’ लागतं. छंदाच्या वाक्यात ते आणायचं कारण नाही.

भूतकाळाची गरज पडते ती जुना छंद सांगताना. ‘फ्र्यूअर हाबे इश टेनिस गेश्पील्ट’, पूर्वी टेनिस खेळायचो. इथे एक फसवी जागा आहे. पोहणं, डोंगर चालणं, सायकल चालवणं ही जागेवरून हलवणारी क्रियापदं ‘हाबे’ऐवजी ‘बिन’ घेतात : ‘इश बिन फील गेवांडर्ट’. नाचणं मात्र एका जागी गोल फिरणं मानतात, त्याला बहुधा ‘हाबे’. हा भाग ए१च्या मधल्या धड्यांत उकरून काढू नये. ए२ मध्ये तो नीट येतो.

एका वाक्यासाठी मात्र कशाचीच वाट बघू नये, कारण ते कौशल्य आणि आवड यांतला फरक दाखवतं आणि बोलणं तिथून पुढे सरकतं : ‘इश कान निश्ट गूट झिंगन, आबर इश झिंगे गेर्न’. मला नीट गाता येत नाही, पण मी आवडीने गातो. ‘कान’ आलं की दुसरं क्रियापद मूळ रूपात शेवटी जातं, ‘आबर’नंतर मात्र क्रम बदलत नाही. यातलं गाणं काढून तिथे चित्रं, स्वयंपाक, बुद्धिबळ, हवं ते घालून बघावं.

‘निकोस वेग’ कोणासाठी? रोज अर्धा तास देणाऱ्या, शिक्षकाविना सुरुवात करणाऱ्या माणसासाठी निःशंक. क्लास लावलेल्यांसाठी ऐकण्याचा सराव म्हणून. ज्यांना फक्त परीक्षेचा पहिला भाग उरकायचा आहे त्यांना ए१चे सगळे धडे करायची गरज नाही. ओळख, कुटुंब, वेळ आणि मोकळा वेळ या विषयांचे धडे काढून वर सांगितलेल्या क्रमाने ऐकले तरी चालतील. मालिकेचा अख्खा ए१ चित्रपट एकसलगही पाहता येतो, दीड तासाहून जास्त आहे. तो सुरुवातीला नको, धडे संपल्यावर पाहावा. तेव्हा जिथे कोणी छंदांविषयी बोलेल तिथे थांबवावं आणि तेच वाक्य आपल्या छंदाचं करून म्हणावं, मोठ्याने.